पुढून ढकलणारी गाडी आणि मागचा स्वे बार : फोंड्यातील एका ३७० झेडचे प्रकरण

फेब्रुवारीच्या अखेरीस गोव्यातल्या फोंड्याचे एक दंतवैद्य आपली निसान ३७० झेड घेऊन आमच्या कार्यशाळेत आले. त्यांची मागणी अगदी नेमकी होती. "घाटात गाडी फार झुकते. पुढचा आणि मागचा, दोन्ही स्वे बार जाड बसवायचे आहेत. जोडी मी निवडली आहे, तुम्ही फक्त बसवून द्या." त्यांनी निवडलेली जोडी त्या गाडीसाठी मिळणाऱ्या जोड्यांपैकी सर्वांत जाड होती. ऑर्डर द्यायची तेवढी बाकी होती आणि पैसे भरण्यापूर्वी ते आमच्याकडे आले, हे या प्रकरणातले पहिले सुदैव.

ज्याला आपल्याकडचे मेस्त्री स्टॅबिलायझर बार म्हणतात आणि पुस्तकांत अँटी-रोल बार म्हटले जाते, तोच हा स्वे बार. गाडीच्या रुंदीला समांतर असलेली, दोन्ही टोकांना वळवलेली पोलादी सळई चेसिसला दोन रबरी बुशांत धरलेली असते आणि तिची टोके लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली तर सळई बुशांत नुसती फिरते आणि विरोध करीत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, म्हणजे वळणावर गाडी एका अंगाला झुकली, की सळईला पीळ बसतो व तो पीळ झुकण्याला अडवतो. रचना इतकी साधी असल्यामुळेच "जाड सळई म्हणजे कमी झुकणे, कमी झुकणे म्हणजे चांगली गाडी" असा सरळ हिशेब मांडला जातो. त्यातील पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसरा अर्धा नाही, आणि या प्रकरणात निवड फिरली ती नेमकी तिथेच.

३७० झेडचे इंजिन पुढे आहे, ३.७ लिटरचे व्ही-६, आणि शक्ती मागच्या चाकांना जाते. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २५५० मिलीमीटर, वजन दीड टनाच्या आसपास. पुढे डबल विशबोन (चाकाला वर-खाली दोन आर्मचा आधार) आणि मागे मल्टिलिंक (अनेक दांड्यांचा आधार) अशी दोन्हीकडची सस्पेन्शन मुळातच चांगली आहेत. डॉक्टरांचा वापर असा : रोज फोंडा ते पणजी, रविवारी पहाटे कधी केरीहून चोर्ला घाट, कधी मोलेहून अनमोड घाट, वर्षातून एक-दोनदा पुणे, आणि कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर एकदा तरी गाडी न्यावी ही मनातली इच्छा. स्वे बार निवडताना मी हा तपशील सर्वांत आधी विचारतो, कारण ट्रॅकच्या सपाट डांबरावर जो बार शहाणा ठरतो, तोच बार फोंडा-पणजी वाटेवरच्या बाणस्तारीच्या पुढे, पावसात खचलेल्या कडांच्या रस्त्यावर वेगळाच वागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या शेजारी बसून चोर्ला घाट चढलो. केरी सोडल्यावर चढणीची घट्ट वळणे लागतात, तिथे मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारीत होतो : आत्ता जे खटकले ते वळणात शिरताना, वळणाच्या मध्यावर, की बाहेर पडताना? सुरुवातीला उत्तर "झुकते" एवढेच येई. चौथ्या-पाचव्या वळणावर मात्र ते म्हणाले, "स्टिअरिंग वळवतो त्या मानाने नाक आत येत नाही, म्हणून अजून वळवावे लागते." त्यांची खरी तक्रार ही होती. झुकणे अंगाला जाणवते म्हणून माणूस त्याला दोष देतो, पण ते म्हणत होते ते पुढच्या टायरांची पकड मागच्यांच्या आधी संपण्याबद्दल, म्हणजे अंडरस्टिअरबद्दल. त्याशिवाय वळणात शिरताक्षणी गाडी आधी सैलपणे कलंडे आणि मग एक हलका धक्का बसून स्थिरावे. हा धक्का मला बाजूच्या आसनावरही जाणवला आणि तो कोणत्याही धडधाकट गाडीचा स्वभाव नव्हे.

या दोन तक्रारी वेगळ्या का ठेवाव्या लागतात, ते समजण्यासाठी थोडा हिशेब आवश्यक आहे. वळणावर आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते. ते किती जाते हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरते. हिशेबासाठी वजन १५०० किलो, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर, चाकांतील अंतर १.५५ मीटर आणि वळणाचा जोर ०.७ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट) धरला, तर सुमारे ३४० किलो वजन आतून बाहेर सरकते. सळई बोटभर जाड असो की मनगटाएवढी, हे ३४० किलो जवळजवळ तेवढेच राहतात. स्वे बार बदलतो ती त्यांची वाटणी, म्हणजे त्यातला किती भाग पुढच्या आसाने सोसायचा आणि किती मागच्या. टायरवरचे वजन दुप्पट झाले तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच वाढते. म्हणून ज्या आसावर हे स्थलांतर अधिक होते, त्या आसाच्या दोन टायरांची मिळून पकड घटते. पुढचा बार जाड केला की पुढचा आस अधिक सोसतो आणि नाक अधिक बाहेर जाते. मागचा जाड केला की मागची पकड थोडी उतरते आणि पुढच्या टायरांना दिलासा मिळतो. डॉक्टरांनी निवडलेल्या जोडीत पुढची सळईच अधिक फरकाने जाड होती. ती बसवली असती तर गाडी कमी झुकली असती हे निश्चित, पण ज्या दुखण्यासाठी खर्च करायचा ते दुखणे वाढले असते.

याला एक अपवाद सांगितला पाहिजे, नाहीतर वाचक हा नियम सर्व गाड्यांना लावील. पुढे साधे स्ट्रट (वरून एकाच उभ्या दांड्याचा आधार) असलेल्या काही गाड्या झुकल्या की बाहेरच्या पुढच्या चाकाचा कोन इतका बिघडतो की टायर कडेवर उभा राहतो. अशा गाडीत पुढचा बार जाड करून झुकणे रोखल्यास पुढची पकड उलट वाढू शकते. डबल विशबोनमध्ये चाकाचा कोन बऱ्यापैकी सांभाळला जात असल्याने या गाडीत तो लाभ किरकोळ होता.

गाडी लिफ्टवर चढवल्यावर बऱ्याच गोष्टी उघड झाल्या. लिंक रॉड तपासण्याची एक पद्धत आहे, ती चुकली तर दोष हाती लागत नाही. एकच चाक जॅकने उचलले की बारला पीळ बसतो, लिंक ताणली जाते आणि बॉल जॉइंटमधला ढिलेपणा लपतो. दोन्ही चाके सारखीच लोंबकळत ठेवली म्हणजे बार मोकळा होतो, आणि मग लिंक हातात धरून हलवली की खरी स्थिती कळते. मेस्त्रींनी पुढची डावी लिंक अशी हलवली तेव्हा ती टिक् टिक् वाजली. पुढच्या बुशांची अवस्था त्याहून वाईट होती. ब्रॅकेट उघडल्यावर आतून तांबड्या मातीचा बारीक लेप निघाला. गोव्याच्या जांभ्याची ही माती पावसात चाकांवरून उडते, बुश आणि सळई यांच्यामध्ये शिरते आणि वाळल्यावर पॉलिश पेपरसारखे काम करते. सळईवर बुशाच्या जागी चकचकीत पट्टा पडला होता आणि रबर इतके झिजले होते की सळई व बुश यांच्यामध्ये दोन पोस्टकार्डे सहज सरकतील एवढी फट होती. वळणात शिरताना आधी सैल कलंडणे आणि मग धक्का, हे याच फटीमुळे घडत होते : फट संपेपर्यंत बार जणू गाडीत नसे, आणि फट संपली की तो एकदम कामाला लागे.

त्यानंतर टायर पाहिले. मागचे दोन वर्षभरापूर्वीचे होते. पुढच्या टायरांच्या कडेवर निर्मितीच्या खुणेचे शेवटचे चार आकडे २३१९ असे होते, म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातील माल. नक्षी पुरेशी खोल होती, म्हणून कोणी बदलले नव्हते. पण नख रुतत नव्हते, रबर कडक झाले होते. पुढे जुने कडक टायर आणि मागे नवे, मऊ व अधिक रुंद टायर, ही जोडणी कोणत्याही गाडीचे नाक बाहेर ढकलील.

येथे मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितले की आज तुम्हाला कोणताही बार विकणे योग्य होणार नाही. आधी गाडी कारखान्यातून आली होती तशी होऊ द्या, मग ती मुळात कशी आहे हे आपल्याला कळेल, आणि जे उरेल त्यासाठीच बार निवडू. ते थोडे नाराज झाले, आणि ते समजण्यासारखे आहे. नवा भाग बसवण्यात जो आनंद असतो तो रबरी बुश बदलण्यात नसतो. तरी त्यांनी मान्य केले. पुढच्या दोन्ही लिंक, चारही बुश आणि पुढचे दोन टायर बदलले, हवेचा दाब दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीप्रमाणे केला आणि अलाइनमेंट केली. या गाडीत पुढच्या चाकांचा कँबर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकण्याचा कोन, मूळ भागांवर बदलता येत नाही, त्यामुळे अंडरस्टिअर कमी करण्याचा तो एक मार्ग वेगळे आर्म घेतल्याशिवाय बंद होता.

फरक मोजण्यासाठी घाटाचा रस्ता वापरणे मला मान्य नाही. पकडीची मर्यादा सार्वजनिक रस्त्यावर शोधू नये, विशेषतः चोर्ल्यासारख्या ठिकाणी, जिथे पुढच्या वळणामागून बेळगावचा भाजीचा ट्रक येत असतो. एका कारखान्याच्या मोकळ्या आवारात परवानगी घेऊन आम्ही २० मीटर त्रिज्येचे वर्तुळ चुन्याने आखले, स्टिअरिंगच्या वरच्या कडेला कागदी पट्टी चिकटवली आणि ठरावीक वेगांना वर्तुळावर राहण्यासाठी स्टिअरिंग किती वळवावे लागते त्याच्या खुणा पट्टीवर केल्या. या वर्तुळावर ताशी ३० किलोमीटरला सुमारे ०.३५ जी, ३५ ला ०.४८ आणि ४० ला ०.६३ जी एवढा जोर येतो. दुरुस्तीपूर्वी ३५ वरून ४० वर जाताना पट्टीवरची खूण चार बोटे पुढे सरके. दुरुस्तीनंतर ती दोन बोटांवर आली. म्हणजे डॉक्टरांच्या तक्रारीचा निम्मा भाग स्वे बारला हात न लावता गेला होता.

उरलेली दोन बोटे ही गाडीची मूळ ठेवण होती. बहुतेक कारखाने रस्त्यावरच्या गाडीत थोडा अंडरस्टिअर मुद्दाम ठेवतात, कारण घाबरलेला चालक ॲक्सिलरेटर सोडतो व अधिक वळवतो, आणि अशा वेळी नाक बाहेर जाणे हे शेपूट फिरण्यापेक्षा सावरायला सोपे असते. त्यातला थोडा भाग काढून घ्यायचा तर उपाय म्हणजे मागचा बार किंचित ताठ करणे. आता खरा प्रश्न आला : किंचित म्हणजे किती?

जाडीच्या बाबतीत ग्राहकांची सर्वांत मोठी फसगत होते ती येथे. भरीव सळईचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलीमीटरच्या जागी २२ मिलीमीटरची सळई घेतली तर जाडी १० टक्के वाढते, पण ताठपणा ४६ टक्के वाढतो; २४ मिलीमीटरची घेतली तर तो दुपटीच्या वर जातो. पोकळ सळईचा हिशेब आणखी वेगळा. बाहेरून २८ आणि आतून २० मिलीमीटर असलेली नळी त्याच बाहेरच्या जाडीच्या भरीव सळईच्या सुमारे ७४ टक्के ताठ असते, पण वजनाने निम्मी असते. म्हणून "माझी २८ ची आहे, तुझी २५ ची" या तुलनेला अर्थ नसतो. सळईची टोके, म्हणजे लिंकपर्यंतचा दांडा, जितका आखूड तितका बार ताठ, आणि हा फरक लांबीच्या वर्गाने पडतो : दांडा २५० वरून २२५ मिलीमीटर केला की ताठपणा सुमारे २३ टक्के वाढतो. टोकाला दोन-तीन छिद्रे असलेले बार याच तत्त्वावर चालतात. लिंक वळणाजवळच्या छिद्रात लावली की ताठ, टोकाच्या छिद्रात लावली की मऊ.

आयबाख, हॉचकिस, व्हाइटलाइन या कंपन्यांचे बार या गाडीसाठी मिळतात. आम्ही कंपनीच्या नावावरून निवड केली नाही. आम्ही तीन अटी घातल्या : मागचा बार सुटा मिळावा, त्याला निदान दोन छिद्रे असावीत, आणि सर्वांत मऊ छिद्रात तो मूळ बारापेक्षा थोडाच ताठ असावा. तिसरी अट मी गोव्यासाठी घालतो. येथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत रस्ता ओला असतो, झाडाखालच्या वळणांवर शेवाळ व पाने असतात, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा मागचा बार फार ताठ असेल तर आतले मागचे चाक हलके होऊन ॲक्सिलरेटर दाबताच फिरू लागते. शिवाय ताठ बार डाव्या-उजव्या चाकांचे स्वातंत्र्य हिरावून घेतो. एका चाकाला खड्डा लागला की त्याचा हादरा दुसऱ्या चाकापर्यंत जातो आणि प्रवाशांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. आमच्या गावांतले गतिरोधक बरेचदा तिरके किंवा अर्ध्या रुंदीचे असतात, तिथे हे रोज भोगावे लागते. डॉक्टर वर्षातून एकदा कोइमतूरला गेले, तरी उरलेले सर्व दिवस गाडी याच रस्त्यांवर राहणार होती, आणि बार त्या दिवसांसाठी निवडायचा होता.

बसवण्याच्या दिवसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चांगला बार वाईट बसवणीने वाया जातो. काही वर्षांपूर्वी एका गाडीत मी स्वतः चाके लोंबकळत असतानाच लिंकची लांबी ठरवून नट आवळले होते. गाडी जमिनीवर आल्यावर बारला कायमचा पीळ राहिला आणि ती डाव्या वळणात एक, उजव्या वळणात दुसरी वागू लागली. मालकाने दोन महिने तसेच चालवले व मग परत आणली. ती माझी चूक होती, आणि तेव्हापासून हा टप्पा मी घाईत होऊ देत नाही. या खेपेस गाडी रॅम्पवर चारही चाकांवर उभी केली, टाकी अर्धी भरली आणि चालकाच्या आसनावर २५ किलोची उकड्या तांदळाची तीन पोती ठेवली, कारण डॉक्टरांचे वजन साधारण तेवढेच आहे. डावी लिंक आधी जोडली. उजवी लिंक, जी लांबी कमी-जास्त करता येणारी आम्ही मुद्दाम घेतली होती, ती मेस्त्री अर्धा-अर्धा आटा फिरवीत राहिले, जोवर बोल्ट हातोडीशिवाय, नुसत्या दोन बोटांनी छिद्रातून पार सरकला नाही. "आता बसला," ते म्हणाले, आणि तोच शून्य पीळ.

नव्या बारबरोबर पॉलियुरेथेनचे बुश आले होते. ते रबरापेक्षा टिकाऊ असतात, पण कोरडे बसवले तर काही आठवड्यांत किरकिरू लागतात. त्यांना सोबत आलेले चिकट सिलिकॉन ग्रीस आतून सर्व बाजूंनी लावले. सळई डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून बुशाला लागून कॉलर घट्ट केल्या, सस्पेन्शन पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन बार सायलेन्सरच्या नळीला किंवा ब्रेकच्या होजला कुठे लागत नाही ना हे टॉर्च लावून पाहिले, आणि ५०० किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासण्याची तारीख वहीत लिहिली. बदल विमा कंपनीला लेखी कळवण्यास डॉक्टरांना सांगितले, तेही त्यांनी केले.

पुन्हा त्याच चुन्याच्या वर्तुळावर मऊ छिद्रात ३५ वरून ४० ला खूण एका बोटाने सरकली. मधल्या छिद्रात ती जवळजवळ जागीच राहिली. डॉक्टरांना अर्थातच मधले छिद्र आवडले. मी जमीन टँकरच्या पाण्याने भिजवून घेतली आणि तेच वर्तुळ पुन्हा चालवायला लावले. मऊ छिद्रात मागचा भाग सरकण्याआधी पुढचे टायर कुजबुजून सूचना देत होते. मधल्या छिद्रात ॲक्सिलरेटर एकदम सोडताच शेपूट काही न सांगता बाहेर आले. मोकळ्या आवारात, ताशी ३० च्या खाली, हे घडले म्हणून काही बिघडले नाही. गाडीतून उतरल्यावर त्यांनी स्वतःच विचारले, "मेस्त्री, मऊ छिद्रात परत घालायला किती वेळ लागेल?" अर्धा तास लागला.

त्यांची एक निराशा मात्र राहिली, आणि ती नोंदवणे प्रामाणिकपणाचे आहे. गाडी पूर्वीइतकी नसली तरी अजून झुकते. पुढचा बार मूळचाच असल्याने झुकण्यात फार मोठी घट होणार नव्हती, हे मी आधी सांगितले होते. तरी जाड जोडीचे छायाचित्र ज्याने महिनाभर पाहिले आहे त्याला ते खटकणारच. आसनांमागे ठेवलेली त्यांची बॅग तिरक्या गतिरोधकांवर पूर्वीपेक्षा थोडी अधिक सरकते, असेही ते म्हणतात. तेवढी किंमत या बाराची आहेच.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, गाडी तपासणीसाठी आली. मागच्या बुशांच्या कडेला तांबड्या मातीची बारीक रेघ दिसली, म्हणून ब्रॅकेट उघडून जुने ग्रीस पुसून नवे भरले. उजव्या टोकाला दगड लागून रंगाचा टवका उडाला होता. समुद्राच्या खाऱ्या हवेत असा टवका गंजाला आमंत्रण असतो, तेव्हा तो घासून रंगवला. लिंकांत ढिलेपणा नव्हता. डॉक्टरांनी कोइमतूरला जायचे निश्चित केले आहे. त्या फेरीसाठी मेस्त्री लिंक मधल्या छिद्रात लावून देतील आणि परत आल्यावर पुन्हा टोकाच्या छिद्रात. स्टिअरिंगवरची कागदी पट्टी त्यांनी अजून काढलेली नाही.